अर्ध्यांचा रकाना : एका खेळातील मिश्रकुळी पात्रांचा इतिहास

ज्या खेळाविषयी आज लिहावयाचे आहे, तो आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिलेला नसेल. त्यांच्या नातवंडांपैकी काहींनी मात्र तो खेळलेला असण्याचा संभव आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून तो प्रथम प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एका पेटीत तीन पातळ पुस्तिका, आणि पहिल्या छपाईच्या अवघ्या १,००० प्रती, एवढाच त्याचा आरंभीचा संसार होता.

या खेळाला बुद्धिबळासारखा पट लागत नाही. चारसहा मंडळी मेजाभोवती बसतात. त्यांतील एक जण सूत्रधार होतो आणि कथेचे जग उभे करतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात वावरतात. पात्र काय करू पाहते ते खेळाडू बोलून सांगतो. ते साधले की फसले, हे फासे आणि नियम मिळून ठरवतात. प्रत्येक पात्राचा एक कागद असतो. त्यावर बळ, बुद्धी, चापल्य यांचे अंक, व्यवसाय, आणि एका रकान्यात त्याचे कूळ लिहिलेले असते. हे कूळ मानवाचे असेल, दीर्घायुषी आणि देखण्या एल्फांचे असेल, खाणीत राबणाऱ्या ठेंगू ड्वार्फांचे असेल, किंवा आपल्याकडील राक्षसांची आठवण करून देणाऱ्या ऑर्कांचे असेल. त्या रकान्यात जे लिहिले जाईल त्यावरून पात्राला अंधारात दिसते की नाही, कोणत्या भाषा येतात, कोणता मंत्र बाधत नाही, हे ठरत जाते.

आता प्रश्न असा, की ज्या पात्राची आई एल्फ आणि बाप मानव, त्याने त्या रकान्यात काय लिहावे? त्याच्यासाठी स्वतंत्र नियम हवेत, की आईबापांपैकी एकाचे नियम घेऊन त्याने समाधान मानावे? प्रश्न वरवर पोरकट वाटतो. परंतु पन्नास वर्षांत या खेळाने त्याची चार-पाच निरनिराळी उत्तरे दिली, आणि प्रत्येक उत्तराच्या मागे त्या त्या काळच्या समाजाचा मिश्र संततीकडे पाहण्याचा दृष्टिकोन उमटलेला दिसतो. म्हणूनच त्याचा इतिहास पाहण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते.

मिश्रकुळी पात्राची कल्पना खेळाने निर्माण केली नाही. ती त्याला इंग्रजी साहित्यातून मिळाली. लॉर्ड डन्सेनी यांच्या १९२४ च्या ‘द किंग ऑफ एल्फलँड्ज डॉटर’ या कादंबरीत मानव राजपुत्र आणि एल्फराजाची कन्या यांचा मुलगा येतो. पुढे जे. आर. आर. टोल्कीन यांनी ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) यांतून एलरॉन्ड हे पात्र उभे केले. एलरॉन्डच्या घराण्यात दोन्ही रक्ते आहेत आणि ‘अर्ध-एल्फ’ हेच त्याचे बिरुद आहे. टोल्कीन यांच्या निधनानंतर १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द सिल्मॅरिलियन’मध्ये त्याचा पूर्ववृत्तान्त येतो. एलरॉन्ड आणि त्याचा भाऊ एलरॉस या दोघांना देवसत्तेकडून निवड दिली जाते : एल्फांचे अमरत्व घ्या किंवा मानवाचे मरण घ्या. एलरॉन्ड एल्फांकडे जातो. एलरॉस मानवांकडे जातो, न्यूमेनॉरचा पहिला राजा होतो आणि पाचशे वर्षे जगून मरण पावतो. एकाच आईच्या उदरी जन्मलेले दोघे भाऊ कायमचे दोन निराळ्या कुळांत मोजले जातात.

टोल्कीन यांची ही योजना काव्यदृष्ट्या थोर आहे. परंतु नियम म्हणून पाहिली तर तिचा अर्थ असा, की दोन्ही घरांत राहता येणार नाही, एक दार निवडा आणि दुसरे लावून घ्या. हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पन्नास वर्षांच्या प्रवासानंतर खेळ फिरून याच जागी आलेला आपणांस दिसेल.

१९७४ च्या मूळ पुस्तिकांत मिश्र पात्रांना जागाच नव्हती. मानव आणि इतर असा ठळक भेद मात्र होता. मानवाला कितीही वरची पायरी गाठता येत असे. ड्वार्फ योद्धा सहाव्या पायरीवर थांबे, एल्फ योद्धा चौथ्या आणि एल्फ मांत्रिक आठव्या. म्हणजे जन्मावरून बढतीची मर्यादा ठरलेली! पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, गायगॅक्स आणि रॉब कुंट्झ यांनी ‘ग्रेहॉक’ ही पुरवणी काढली आणि तीत अर्ध-एल्फ प्रथम अवतरला. १९७८ मध्ये निघालेल्या विस्तृत ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये त्याच्या शेजारी अर्ध-ऑर्कही येऊन बसला. मिश्र संततीला स्वतःचा रकाना मिळाला तो असा.

त्या रकान्यातील मजकूर मात्र वाचण्यासारखा आहे. गुंगीचा किंवा मोहिनीचा मंत्र एल्फावर न चालण्याची शक्यता शेकडा ९० ठेवली होती. अर्ध-एल्फासाठी ती बरोबर तिसऱ्या हिश्शावर, शेकडा ३० वर आणली. रक्ताची जणू मापे घेऊन वाटणी केली. दुसरीकडे अर्ध-एल्फाला एकाच वेळी दोन-तीन व्यवसाय चालविण्याची सवलत उदार हाताने दिली. अर्ध-ऑर्काच्या वाट्याला वाढीव बळ आले. परंतु इतरांवर छाप पाडण्याच्या गुणात मोठी वजावट आली, आणि मर्यादेविना प्रगती करण्याचा मार्ग फक्त एकाच व्यवसायात खुला राहिला : मारेकऱ्याच्या. याहून बोलका तपशील असा, की मिश्र ऑर्कांपैकी सुमारे दहावा हिस्सा मानव म्हणून खपून जाण्याइतपत मानवी दिसतो आणि खेळाडूचे पात्र त्याच हिश्शातले असते, असे नियमांतच नमूद होते. शिवाय कोणत्या कुळाला कोणत्या कुळाविषयी ममत्व, तिटकारा किंवा द्वेष वाटतो, याचे एक कोष्टकही त्या पुस्तकात छापलेले होते.

हा मजकूर ज्या देशात लिहिला गेला, त्या देशाचा इतिहास शेजारी ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ पुरता उलगडत नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत गणकांना काळ्या वंशाच्या माणसांची प्रतवारी करण्याची सूचना होती. रक्ताचा अर्धा, चौथा किंवा आठवा हिस्सा आफ्रिकी असेल त्याप्रमाणे निरनिराळी नावे होती आणि ती नोंदवायची होती. पुढच्याच जनगणनेत ही चौथाई-अष्टमांशाची मोजणी सोडून देण्यात आली. १९३० पर्यंत दुसरे टोक गाठले गेले : गोऱ्या आणि काळ्या रक्ताचे मिश्रण असेल, तर काळ्या रक्ताचा अंश कितीही अल्प असो, माणूस काळाच लिहावा असा आदेश झाला. मिश्र विवाहांना बंदी करणारे कायदे १९६७ पर्यंत १६ राज्यांत जिवंत होते. त्या वर्षी लव्हिंग खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. ‘ग्रेहॉक’ पुरवणी निघाली तेव्हा त्या निकालाला पुरती आठ वर्षेही झाली नव्हती. गायगॅक्स यांनी जनगणनेची पत्रके समोर ठेवून नियम लिहिले, असे आमचे म्हणणे नाही. परंतु रक्ताचे हिस्से पाडणे, दुसऱ्या वंशात खपून जाणे, मिश्र माणसाला विवक्षित धंदाच शोभतो असे मानणे, या कल्पना तेथील हवेतच होत्या. आणि खेळ रचणारा माणूस हवेबाहेर राहत नाही.

कथाकारांनी या रूक्ष नियमांत पुढे प्राण भरले. १९८४ मध्ये मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांच्या ‘ड्रॅगनलान्स’ कादंबऱ्या निघू लागल्या. त्यांचा नायक टॅनिस हा अर्ध-एल्फ. एल्फांना दाढी येत नाही. टॅनिसला येते, आणि तो ती राखतो. एल्फांच्या घरी वाढलेला हा तरुण मानवांत वावरताना आपल्या चेहऱ्यावरील एल्फांच्या खुणा त्या दाढीआड झाकतो. दोन्ही घरांत तो पाहुणाच राहतो. शेकडा ३० या आकड्यात जे सामावत नव्हते, ते या दाढीत सामावले. तरुण वाचकांना अर्ध-एल्फ आपलासा वाटू लागला तो मंत्रांपासून मिळणाऱ्या संरक्षणामुळे नव्हे, तर अशा व्यथेमुळे, असे आम्हांस वाटते.

अर्ध-ऑर्काचे नशीब निराळे. त्या पात्राच्या जन्मामागे बळजबरीची छाया गृहीत धरलेली असे. ऐंशीच्या दशकात पालकांकडून आणि धार्मिक संघटनांकडून खेळावर टीका होऊ लागली, तेव्हा १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत दैत्यांची नावे बदलली गेली, मारेकऱ्याचा व्यवसाय वगळला गेला, आणि अर्ध-ऑर्कही मूळ पुस्तकातून बाहेर पडला. अर्ध-एल्फ राहिला. म्हणजे एका मिश्रणाला घरात जागा, दुसऱ्याला दार बंद. १९९१ च्या ‘डार्क सन’ या कथाविश्वात मानव आणि ड्वार्फ यांच्या मिश्रणाचे ‘मुल’ नावाचे पात्र आले. या नावाने इंग्रजीतील खेचराची आठवण व्हावी, आणि पात्रही गुलामगिरीत वाढवलेले, संततिहीन. मिश्र संततीकडे पाहण्याचा दृष्टिकोन नावातसुद्धा कसा शिरतो, याचे याहून उघड उदाहरण शोधावे लागणार नाही.

२००० साली तिसरी आवृत्ती निघाली. पायऱ्यांच्या मर्यादा गेल्या, अर्ध-ऑर्क परत आला. परंतु अर्ध-एल्फाच्या नियमांत एक ओळ अशी होती, की कुळाशी संबंधित सर्व परिणामांपुरता तो एल्फच समजावा. १९३० च्या त्या आदेशाशी हिचे साम्य सहज जाणवते. २००९ मध्ये पायझो या प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थेने याच नियमांवर आधारलेला ‘पाथफाइंडर’ हा खेळ काढला, तेव्हा ही ओळ दुरुस्त झाली : अर्ध-एल्फ हा एल्फ आणि मानव अशा दोहोंत मोजावा. बदल एका शब्दाचा, परंतु आमच्या मते या सर्व इतिहासातील सर्वांत शहाणा.

त्याच २००० च्या आवृत्तीत आणखी एक गंमत होती. प्राण्यांच्या आणि राक्षसांच्या पुस्तकात अर्ध-ड्रॅगन, अर्ध-असुर, अर्ध-देवदूत यांच्यासाठी स्वतंत्र पात्रे न देता एक साचा दिलेला होता. मूळ प्राणी कोणताही घ्या, त्यावर हा साचा चढवा, आणि अमुक अमुक गुण वाढवा. मिश्रणाचा सर्वसाधारण नियम करता येतो हे रचनाकारांना ठाऊक होते, तो त्यांनी करूनही दाखविला. मात्र खेळाडूंच्या रोजच्या पात्रांना तो लाभला नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकात नऊ कुळे होती. त्यांतील दोन मिश्र, उरलेली सात स्वतंत्र. सात कुळांतून दोन-दोनांच्या जोड्या केल्या तर त्या २१ होतात. त्यांपैकी नियम होते एकाच जोडीला, मानव आणि एल्फ यांच्या; दुसऱ्या मिश्रणातील ऑर्क त्या सातांत नव्हताच, आणि दोन्ही मिश्रणांत एक बाजू मानवाची. एल्फ आणि ड्वार्फ यांच्या लेकराने, किंवा ऑर्क आणि एल्फ यांच्या लेकराने, कोठे जावे याचे उत्तर नव्हते. तरीही अर्ध-एल्फाचे जे वर्णन तेथे होते, ते पूर्वीपेक्षा पुष्कळ समजूतदार होते. त्याला आपल्या पसंतीची दोन जादा कौशल्ये मिळत. साध्या मानवाला दोन भाषा येत. अर्ध-एल्फाला सर्वांची व्यवहारभाषा, एल्फांची भाषा आणि वर आणखी एक अशा तीन. तो एकशे ऐंशी वर्षांहूनही अधिक जगे. म्हणजे मानव असलेला बाप त्याच्या डोळ्यांदेखत जाई, आणि एल्फ असलेली आई त्याला जाताना पाही. दोन घरांच्या मधल्या उंबरठ्यावर वाढणाऱ्याला काय मिळते आणि काय सोसावे लागते, हे या दोन-तीन तपशिलांत आले होते. २०२३ मध्ये निघालेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या गाजलेल्या संगणक-खेळातही अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क हे दोन्ही पर्याय होते.

यानंतर मात्र वारे फिरले. २०२० पासून कुळावरून बुद्धी आणि बळ ठरविण्याच्या पद्धतीवर तीव्र आक्षेप येऊ लागले, आणि त्या वर्षीच्या एका पूरक पुस्तकाने ते अंक हवे तेथे हलविण्याची मुभा दिली. डिसेंबर २०२२ मध्ये प्रकाशकांनी ‘वंश’ या अर्थाचा इंग्रजी शब्द सोडून ‘प्रजाती’ या अर्थाचा शब्द घेत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चाचणीसाठी प्रसृत केलेल्या मसुद्यात मिश्र संततीबाबत सूचना होती, की आईबापांपैकी एकाचे नियम घ्यावेत, रंगरूपाचे वर्णन दोघांचे मिसळून करावे. आणि २०२४ च्या नव्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये दहा प्रजाती आल्या, ऑर्क स्वतंत्रपणे आला, अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क दोघेही गेले. जुन्या पुस्तकांतील पात्रे आणून खेळण्यास आडकाठी नाही. परंतु मूळ ग्रंथात त्यांचे नाव उरले नाही. एलरॉन्ड आणि एलरॉस यांच्यापुढे ठेवलेल्या दोन दारांपाशीच खेळ फिरून येऊन पोहोचला.

या निर्णयाच्या बाजूने जे बोलले जाते, त्यात तथ्य आहे. ‘अर्धा’ हा शब्द माणसाला अपुरा ठरवतो. आणि केवळ दोन मिश्रणांना रकाना देणे हा उरलेल्यांवर अन्याय होय. बरे, प्रत्येक मिश्रणाला रकाना द्यावा, तर दहा प्रजातींच्या जोड्या ४५ होतात. त्यांच्या संततीची पुन्हा मिश्रणे धरली तर यादीला अंत नाही. असा प्रयत्न आपल्या परंपरेत होऊन गेलेला आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ब्राह्मण पिता आणि वैश्य माता यांचा अंबष्ठ, क्षत्रिय पिता आणि शूद्र माता यांचा उग्र, क्षत्रिय पिता आणि ब्राह्मण माता यांचा सूत, अशी एकेका मिश्रणाला निराळी संज्ञा देत यादी वाढत जाते आणि मिश्रणांच्या मिश्रणांपर्यंत पोहोचते. नुसती संज्ञा देऊन ती थांबत नाही. सुताने रथ हाकावा, अंबष्ठाने वैद्यकी करावी, असा धंदाही नेमून देते. स्वतंत्र रकाना प्रथम ओळख म्हणून मिळतो आणि पुढे त्याचीच बेडी होते. १९७८ च्या अर्ध-ऑर्काला मारेकऱ्याचा धंदा नेमून देणारा नियम या जातीचाच.

परंतु रकाना पुसून टाकल्याने न्याय होतो असे समजणे, हीही फसगत आहे. शासकीय सेवेत नमुने भरून घेण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. योग्य रकाना नसला म्हणून माणूस खोटे लिहितो असे नाही. तो जवळचे काहीतरी लिहितो, आणि दप्तराच्या लेखी तो तोच होऊन बसतो. आपल्या राज्यघटनेने १९५० मध्ये अँग्लो-इंडियन समाजाची व्याख्या केली आणि लोकसभेवर त्याचे दोनपर्यंत प्रतिनिधी नेमण्याची तरतूद ठेवली. ती व्याख्या बापाकडील वंशावरच उभी होती. अँग्लो-इंडियन आई आणि अन्य भारतीय बाप यांचे लेकरू तीत बसत नसे. तरीही त्या रकान्यामुळे एका अल्पसंख्य मिश्र समाजाचा आवाज सत्तर वर्षे सभागृहात उमटला. जानेवारी २०२० मध्ये ती तरतूद संपली. ती राखावयास हवी होती की नाही, हा निराळा वाद आहे. एवढे खरे, की रकाना सदोष असतो तेव्हासुद्धा तो माणसाला दृश्य करतो.

खेळाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. तेथे ज्याला नियम नाही त्याला परिणाम नाही. आईबापांपैकी एकाचे नियम घ्या आणि दुसऱ्याचे कान किंवा डोळे वर्णनात घाला, असे सांगणे म्हणजे दुसऱ्याला दागिन्याइतकेच महत्त्व देणे होय. त्या आईची भाषा, तिच्या घरचे शिक्षण, तिच्याकडून आलेली अंधारात पाहण्याची दृष्टी, यांपैकी काहीच फाशांपर्यंत पोहोचत नाही. कल्पनाशक्ती असलेल्याला नियम कशाला, असा प्रतिवाद होतो. तो खरा मानला तर शुद्धकुळी पात्रांनाही नियम नकोत. त्यांना मात्र ते दहाही प्रजातींत तपशीलवार दिलेले आहेत.

मग यातून वाट कोणती? आमच्या मते ती सापडलेली आहे, फक्त दुसऱ्या दुकानात. २०१९ मध्ये ‘पाथफाइंडर’ची दुसरी आवृत्ती निघाली. तीत पात्र एक मूळ कूळ घेते, त्यावर एक वारसा घेते, आणि पुढे वाढत असताना ठरावीक टप्प्यांवर कुळाशी निगडित एकेक गुण निवडत जाते. मिश्र वारसा असलेल्याला दोन्ही कुळांच्या याद्यांतून निवडता येते. येथे एक व्यावहारिक अडचण चतुराईने सोडविली आहे. दोन्हीकडचे उत्तम तेवढे घेण्याची मुभा दिली, तर जो तो लाभासाठी मिश्रकुळी होईल आणि खेळाचा तोल जाईल, ही रचनाकारांची जुनी भीती होती. येथे गुणांची संख्या सर्वांना सारखीच राहते. मिश्र पात्राला मिळते ती केवळ विस्तृत यादी. हक्क वाढत नाहीत, निवड वाढते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या सुधारित पुस्तकात ‘अर्धा’ हा शब्दही गेला. एल्फ वारशाला आयुवारिन आणि ऑर्क वारशाला ड्रोमार अशी नावे आली, आणि सूत्रधाराची अनुमती असेल तर मानवाखेरीज इतर कुळांनाही हा वारसा लावण्याची सोय झाली. शब्द गेला, जागा राहिली. ४५ रकाने न करता ४५ जोड्यांची व्यवस्था लावता येते हे सिद्ध झाले.

याच सुमारास, २०२० मध्ये, युजीन मार्शल यांनी पाचव्या आवृत्तीसाठी एक पूरक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी कूळ आणि संस्कृती यांची फारकत केली. अंधारात दिसणे हे रक्ताकडून येते; भाषा, शस्त्रांचा सराव, कारागिरी ही वाढलेल्या घराकडून येते. एल्फांच्या गावात वाढलेला ऑर्क एल्फांची भाषा बोलेल, हे उघड सत्य नियमात आले, आणि मिश्र कूळ व मिश्र संस्कृती यांची निराळी सोय झाली. जे रक्तातून आले आणि जे घरातून आले, त्यांचे दोन रकाने केले की ‘अर्धा’ या शब्दाची गरजच राहत नाही, कारण संस्कृतीचे भागाकार होत नाहीत. दोन घरांत वाढलेल्याला दोन अर्ध्या भाषा येत नाहीत. दोन भाषा येतात.

अमेरिकेच्या जनगणनेने २००० साली एकाहून अधिक वंशांवर खूण करण्याची मुभा दिली, ती याच विचाराची. नवा रकाना न उघडता, जुन्याच रकान्यांत हव्या तितक्या खुणा. २०१० मध्ये सुमारे ९० लाखांनी अशा खुणा केल्या; २०२० मध्ये, नोंदी वर्गीकृत करण्याची रीत सुधारल्यावर, ही संख्या ३ कोटी ३८ लाखांवर गेली. ही माणसे आकाशातून पडली नाहीत. ती होतीच, पत्रकात त्यांना वाव नव्हता.

आपल्या महाभारतातील घटोत्कच या संदर्भात आठवतो. भीमसेन बाप, राक्षसी हिडिंबा आई. वाढला आईकडे, राक्षसांची माया त्याला अवगत, रात्रीच्या युद्धात त्याचे बळ दुणावते. आणि बापाने हाक मारताच तो पांडवांच्या बाजूने उभा राहून प्राण देतो. व्यासांनी त्याच्यासाठी अर्ध-राक्षस असा शब्द घडविला नाही. प्रसंगी तो हैडिंब आहे, प्रसंगी भैमसेनि. दोन्ही नावे पूर्ण आहेत; एक उच्चारले म्हणून दुसरे खोडले जात नाही. खेळाच्या रचनाकारांना पस्तीस वर्षे लागली ते ‘दोहोंत मोजावा’ हे सूत्र येथे दोन तद्धितांत आलेले आहे.

हा विषय आम्ही या पत्रिकेत आणला, त्याचे कारण आता वाचकांच्या ध्यानी आले असेल. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषा नांदत आल्या आहेत, आणि अलीकडे सुना-जावईही दोन भाषांचे आहेत. ज्या नातवाची आई गुजराती किंवा माळवी बोलते, त्याला ‘अर्धा मराठी’ म्हणण्याची रीत आपल्याच तोंडी आहे. आणि आडनाव बापाचे म्हणून त्याला पुरा मराठी समजून आईची भाषा हिशेबातून वगळण्याची रीतही आपलीच. पहिली रीत १९७८ ची, दुसरी २०२४ ची! २०११ च्या जनगणनेत मातृभाषेसाठी जागा एकच होती; इतर अवगत भाषा दोनपर्यंत लिहिता येत. ज्याच्या घरी दोन माता-भाषा आहेत त्याने एकीला ‘इतर’मध्ये टाकायचे, एवढाच मार्ग होता. शासनाचे पत्रक आपल्या हाती नाही. घरची बोलण्याची रीत आपल्या हाती आहे.

तेव्हा मिश्रकुळी पात्रांना स्वतंत्र नियम हवेत काय, या प्रश्नाला आमचे उत्तर असे : स्वतंत्र कोठडी नको, नियम मात्र हवेत. ते रक्ताचे हिस्से मोजणारे नसावेत आणि एक दार लावून घेण्यास सांगणारेही नसावेत. दोन्ही याद्या पुढ्यात ठेवून ‘यांतून तुझे तू घे’ असे म्हणणारे असावेत. नातवंडे मेजाभोवती फासे घेऊन बसली असतील तर त्यांना एकदा विचारून पाहावे, की त्यांच्या पात्राच्या कागदावर कुळाच्या रकान्यात काय लिहिले आहे, आणि ते लिहिताना काय लिहावयाचे राहून गेले.